नग एक

छावणीतल्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या मागच्या खोलीत
फडताळाखालची फरशी शनिवारी खचली.
बरणी क्रमांक सदतीस फुटली.
मी पोचले तेव्हा बेडूक जमिनीवर होता,
चव्वेचाळीस वर्षांनी पहिल्यांदा कोरडा होत.

अंगठ्याच्या पेराएवढा. आंबोलीच्या सड्यावरचा.
चिठ्ठीवर टिल्लूसरांची निळी शाई:
तारीख, उंची, पाऊस, आणि खाली
दगडाआड. हाक ऐकून सापडला.

त्याचं सगळं गोत एका डोंगरमाथ्यावर मावतं.
खडकाच्या खळग्यात चार बोटं पाणी,
तेही त्याच खडकातलं.
शेजारच्या गावी राहा म्हटलं तर मरेल, राहणार नाही.

आणि ही घूस.
माळव्याची काळी माती हिने
पोतंभर उपसून कोपऱ्यात रचली आहे.
सराफ्यातल्या कढईखालचं हिला चालतं,
गाडी गाणं म्हणत यायच्या आत
ओला कचरा, सुका कचरा, दोन्ही चालतात.
शहराला स्वच्छतेचं बक्षीस मिळालं त्या रात्री
फरशीखाली पिल्लं चिरचिरत होती.
मी मोजली नाहीत.

परीक्षेत वर्षानुवर्षं विचारत आले:
फरक स्पष्ट करा. गुण पाच.
मुलं लिहायची, हा उभयचर, ती सस्तन, ह्याला शेपूट नाही.
मी चार द्यायचे.
पाचवा कशासाठी राखून ठेवला होता
आता आठवत नाही.

नोंदवहीत लिहिलं:
नग एक, नष्ट. कारण, घूस.
दुबेबाबूंनी चष्मा कपाळावर चढवला.
"मैडम, मेंढक ने ली थी, या दी थी?"
सगळी कचेरी हसली. मीही.
आमच्याकडे जो शब्द बिळात राहतो
तो इथे टेबलाखालून फिरतो.
खोडून लिहिलं, बड़ा चूहा.
घरी असं कुणी म्हणत नाही.
घरी म्हणजे आता मी.

बेडूक लोणच्याच्या बरणीत ठेवला, झाकण घट्ट बसतं.
कागदावर तो नष्ट आहे, फडताळावर आहे.
चिठ्ठी भिजली. हाक ऐकून
एवढंच वाचता येतं.

पिंजऱ्यात पोह्यांवरची शेव ठेवली होती.
सकाळी शेव नव्हती.
पिंजरा मिटलेला, रिकामा,
आणि शेजारी ताज्या मातीचा
आणखी एक ढीग.