आठ घरांचा साचा

नकाशात सगळं सारखं आहे.
मधल्या भोकातून दोन वाटा,
दोनाच्या चार, चाराच्या आठ;
कुठल्याही घरापर्यंत मोजा,
एकशे बारा मिलिमीटर, केसाचा फरक नाही.
साहेबांनी पट्टी ठेवून दाखवलं.
पट्टी खोटं बोलत नव्हती.

तरी कुंडईच्या शेडमध्ये, तिसऱ्या पाळीत,
दर बावीस सेकंदांनी साचा उघडतो
आणि खोकल्याच्या औषधाची आठ झाकणं
माझ्या ट्रेमध्ये पडतात.
दोन, तीन, सहा, सात भरलेली,
इतकी की कडेला पापुद्रा सुटलाय.
एक, चार, पाच, आठ यांचे ओठ
कुणी कुरतडल्यासारखे.

सोनाराच्या काट्यावर तोलते मी त्यांना,
आकडे वहीत उतरवते,
उपाशी बाजूला, भरलेली बाजूला.
प्रेशर वाढवा, फोनवरून सांगितलं गेलं.
वाढवलं.
भरलेली अजून फुगली, साच्यात अडकून बसली.
उपाशी होती तिथंच.

मग कुडतरीहून कायतान मेस्त आला,
स्कूटरच्या डिकीत करवत, भिंग आणि केळी.
पांढऱ्या दाण्यांत मूठभर निळे टाकायला लावले,
चौथ्याच शॉटला मशीन थांबवलं,
आणि रनर (ती फांद्यांची काडी
जी आम्ही न बघताच दळायला टाकतो)
दुसऱ्या फाट्याजवळ आडवी कापली.

"पळे बाय."

चकती निळी.
आणि एकाच कडेला पांढरी कोर,
चतुर्थीच्या चंद्राएवढी.

मधून जातं ते आरामात जातं, तो म्हणाला.
भिंतीलगत घासत येतं ते तापतं,
तापलं की पातळ होतं, पळत सुटतं.
फाटा आला की घासलेलं सगळं
एका कुशीला जातं, थंड दुसऱ्या.
वाट सारखी असेना का,
वाटेत कोण कशाला घासलं
ते पट्टीला कुठं दिसतं?

मला आजवर वाटायचं, घासणारे मागं पडतात.
मी काही बोलले नाही. केळं सोलून दिलं त्यानं.

त्याचा बापूय मानशीवर होता,
खाजनात भरती-ओहोटीला फळ्या उघडायचा, लावायचा.
पाट सपाट, उतार मोजलेला,
पण टोकाच्या दोन कुणग्यांत भात पिवळा.
बापूय पाटात उतरून
वळणाच्या अलीकडे एक धोंडा ठेवायचा.
"उदक अडवायला न्हय," मेस्त म्हणाला,
"ताका कूस बदलायला."
पुढं त्या कुणग्यांचं काय झालं
ते सांगायच्या आत चहा आला.

सोमवारी पोलादाचा एक तुकडा घेऊन आला,
अंगठ्याच्या पेराएवढा,
आत पीळ दिल्यासारखी खाच.
फाट्यावर बसवला. येणारा रस
तिथं अंगावर कूस बदलतो,
डावीकडचं वर जातं, उजवीकडचं खाली,
आणि पुढं जाताना ऊब वाटून जाते.
आठी झाकणं काट्यावर जवळजवळ एक झाली.
जवळजवळ. आठ नंबर अजूनही
मोहरीच्या दाण्याइतकं हलकं भरतं.
ते वहीत बसतं, म्हणून कुणी विचारत नाही.

नकाशा बरोबरच होता, साहेब म्हणाले.
होताच.

काल प्रणितीला खोकला झाला.
फोंड्याहून बाटली आणली,
झाकण उघडून सवयीनं उलटं केलं:
आत, बारीक, उमटलेला आठ.
मेस्तच्या तुकड्याआधीचं की नंतरचं,
कळायला मार्ग नाही.
कडेवरून बोट फिरवलं. परत लावलं, घट्ट.
मग बाटली मोरीवर उलटी धरून
उभी राहिले,
बावीसपर्यंत मोजत.