डाळ शिजेल तिथे

वन्सं म्हणाल्या, घर बघायचं तर आधी पाणी बघावं,
भिंती काय, कुठेही उभ्या राहतात.
म्हणून पिशवीत दीड लिटरचा कुकर
आणि हॉर्लिक्सच्या जुन्या बरणीत तूरडाळ,
लातूरहून निघताना भरलेली,
काठोकाठ.

हे गेले, तेव्हा आमचंही नातं संपलं
असं सगळ्यांनीच धरलं होतं.
तेराव्याला कुणी तरी वाटणीचं काढलं.
वन्सं अर्ध्या पानावरून उठल्या, म्हणाल्या,
मी हिच्याबरोबर राहणार. आणि इथे नाही.
मग कुठे, ते त्यांनाही माहीत नव्हतं.
वाढपी ताटातला वरणभात बघत उभा राहिला.

नाशिकला तीन शिट्ट्यांत डाळ लोण्यासारखी.
पण घरमालक म्हणाला, घरात पुरुषमाणूस कोण?
वन्सं म्हणाल्या, हा कुकर. शिट्टी एकटा तोच वाजवतो.
पुढची गाडी संध्याकाळी होती, दिवस स्टँडवर काढला.

वाकडला टँकर. सहा शिट्ट्या,
दाणा न् दाणा सुटा, तिथल्या बिऱ्हाडांसारखा.

साताऱ्यात माझं मन बसलं होतं.
खिडकीत किल्ला, खाली पिठाची गिरणी,
भाडं पेन्शनीत मावणारं.
आठ शिट्ट्या झाल्या.
लॉजच्या खोलीत वन्संनी एक दाणा दाताखाली धरला
आणि मान हलवली.
त्या रात्री मी त्यांच्याशी बोलले नाही,
पांघरूण मात्र दोघींत एकच होतं.

मग फाल्गुनात नेरूळ.
एजंट भोईर बुलेटवर पुढे, आम्ही रिक्षात मागे.
इथले सेक्टर आकड्यांचे,
आणि आकडे एकमेकांच्या शेजारी राहत नाहीत.
वन्सं मोजत होत्या, मध्येच हरवायच्या,
पुन्हा पहिल्यापासून.

करावे गावच्या वाटेवर
एक म्हातारी टबात जिवंत निवट्या घेऊन बसली होती.
कुठून आलात, तिनं विचारलं. लातूर.
आणि तुम्ही?
"आमी कुठं गेलो नाय," ती म्हणाली,
"पत्ताच आमचा बदलला."
टबातली एक निवटी उडी मारून रस्त्यावर आली.
म्हातारीनं न बघता तिला परत आत घातलं.

पुढे तळ्यापाशी रिक्षा थांबवली.
हे तळं नाही, भोईर म्हणाला, भरती आली की
खाडीकडची दारं मिटतात, पाऊस इथं थांबतो,
ओहोटीला दारं उघडतात, पाणी आपलं आपण निघून जातं.
वन्संनी विचारलं, दारं कोण मिटतं?
कुणी नाही. पाणीच.
हे त्यांना आवडलं असावं,
कारण पुढे बराच वेळ त्या चुकीचे आकडे मोजत होत्या.

तळमजला, दोन खोल्या, मागे लिंबाचं झुडूप.
गॅस नव्हता. शेजारच्या लिसीबाईंनी शेगडी दिली,
वाशीच्या इस्पितळात तीस वर्षं रात्रपाळी केलेल्या,
मराठी पक्कं, वाक्याच्या शेवटी थोडं केरळ.

अकरा शिट्ट्या.
झाकण उघडलं. दाणे तसेच, डोळे वटारून.
मी पिशवी भरायला घेतली.

लिसीबाईंनी बरणी उचलली, उन्हात धरली,
वास घेतला, नर्स औषधाची तारीख बघते तशी.
ही कधीची?
मागच्या पाडव्याची, वन्सं म्हणाल्या.
अहो, मग पाण्याला काय नावं ठेवता?
डाळ म्हातारी झाली.

स्वयंपाकघरात कुणी काही बोललं नाही.
बाहेर भोईरचा फोन वाजत राहिला.

करारात एक रकाना होता, भाडेकरूंचं आपसांतलं नातं.
भोईरनं लिहिलं, बहिणी.
वन्संनी पेन मागितलं, ते खोडलं,
वर लिहिलं, नणंद-भावजय,
आणि त्यावर दोनदा गिरवलं.

संध्याकाळी वाण्याकडे नवी पावशेर डाळ घेताना
माझ्याकडे न बघता म्हणाल्या,
साताऱ्याचं चुकलंच आपलं.
आपलं?
बरं, माझं.
अर्धा किलो द्या हो.