उतार

पौषात बर्फाला कुणी विचारत नाही.
सरबताच्या गाड्या ताडपत्रीत गुंडाळलेल्या,
कारखान्यात लाद्या निम्म्यावर,
आणि सर्जेराव दुपारी तीनलाच घरी.
चहा घेता घेता म्हणाले,
"औंदा गॅरेजचं काढूया का?"

गॅरेज म्हणजे काय, चार पत्रे
आणि जमिनीपासून वीतभर वरच अडणारं शटर.
भिंतीवर पुराची रेघ, माझ्या कमरेच्या वर चार बोटं.
दोनदा रंग दिला तरी वर येते.
टेम्पो बारा वर्षं इथंच उभा राहतो
आणि रात्रभर गळतो.
रिकामा असला तरी गळतो,
भुश्शात अडकलेले तुकडे,
गोणपाटाच्या घडीत राहिलेला गारठा.
नवीन नवीन मला वाटायचं
बाहेर कुणीतरी उभं राहून काहीतरी मोजतंय.

गळून वाहून गेलं असतं तर तक्रार नव्हती.
पण फरशीचा उतार उलटा.
पाणी जायचं सामाईक भिंतीत,
भिंतीतून चौगुले आक्कांच्या देवघरात.
"तुमचा बर्फ आमच्या देवाखाली येतोय."
बर्फ न्हवं आक्का, पाणी.
"एकच की."
त्यानंतर सात वर्षं त्या आमच्याशी बोलल्या नाहीत.
हळदीकुंकवाला वाण पोरीच्या हातनं पाठवायच्या.

इलाही गवंडी आला, पाणसळीची नळी धरली,
एक टोक माझ्या हातात, एक त्याच्या.
नळीतलं पाणी हललं, थरथरलं, थांबलं.
"दहा फुटाला दीड इंच, वैनी.
जास्त दिला तर टेम्पो सरकंल,
कमी दिला तर पाणी इचार करत बसंल."

जुनी फरशी फोडली तेव्हा
भिंतीच्या कडेला, काळ्या भुश्शात
बर्फ फोडायचा टोच्या सापडला.
मूठ कुजलेली, लोखंड शाबूत.
सर्जेरावांनी उचलला आणि
बराच वेळ खाली ठेवला नाही.
याच टोच्यापायी आम्ही किशाला घालवला होता.
सतरा वर्षांचं पोर, शपथ घेत होतं,
आईची, अंबाबाईची,
आणि मी आतनं म्हणाले होते,
"चोराला शपथ काय जड."

सिमेंट वाळायला आठ दिवस.
नवव्या रात्री सर्जेरावांनी अर्धी लादी आणली,
गॅरेजच्या मधोमध ठेवली, उघडी,
ना भुस्सा, ना पोतं.
"सकाळी कळंल."

थंडी एवढी की बर्फालाही घाई नव्हती.
पहाटे पाचला आम्ही दोघं क्रेट पालथे घालून बसलो,
शालीत, चहाचे कप दोन्ही हातांत.
लादीखालून एक जीभ बाहेर आली.
थांबली. रुंद झाली.
भिंतीकडं बघितल्यासारखं केलं तिनं.
मी श्वास धरला.
मग वळली, नव्या गटारीकडं,
शटरखालच्या वीतभर फटीतून बाहेर,
मी लावलेल्या कढीपत्त्याच्या आळ्यात.

आक्का कधी येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही.
डोक्याला मफलर, हातात दुधाची किटली.
फटीतून त्यांची पावलं तेवढी दिसत होती.
पाणी चपलेपर्यंत आलं,
त्यांनी पाय काढला नाही.
"गार हाय," म्हणाल्या, आणि गेल्या.

सर्जेराव टोच्याला नवी मूठ बसवत होते,
बाभळीची, काचेनं घासून घासून.
"किशा कागलला असतो म्हणं, कुठल्याशा फौंड्रीत."
मी काही बोलले नाही.
"उन्हाळ्यात माणूस लागंलच."
लागंल.
"का आधी जाऊन यायचं?"

लादी दुपारपर्यंत पुरली.
शेवटी उरला मुठीएवढा तुकडा,
तो मी उचलला नाही, झाकलाही नाही.
शटरचं काम तेवढं राहिलंच.
फटीतून मांजर आत आलं,
ओल्या रेघेच्या कडेकडेनं चालत गेलं
आणि जिथं लादी होती तिथं
खाली वाकून पाणी प्यायलं.