एकेचाळीस–अकरा

खानापुरात रेल्वे गेट ओलांडलं की डाव्या हाताला
पत्र्याच्या शेडवर दोन लिप्यांत लिहिलंय : हौसिंगचे काम.
वरची ओळ मोठी की खालची, यावरनं एकदा
फळी उतरवून पुन्हा रंगवावी लागली.
आता अक्षरं टेपनं मोजलेली आहेत.
गाड्यांचं काय, त्या ऐकून येतात.

कडोलीचा भुजंग मुचंडी, मांडव आणि जनरेटरवाला,
बंगळुरातनं मोठी गाडी घेऊन आला, तिसऱ्या मालकाकडची.
सात सीट, उंच नाक, मागं हवेचे फुगे.
बटण दाबलं की बसते, दाबलं की उठते,
उंटागत.
"हिला जनरेटर जोडायचा, नरसिंगा. कणकुंबीला लग्न हाय.
हूक तेवढा मार की."

हूक तेवढा.
मी खाली सरकलो. पाठीला गार फरशी,
कपाळावर जुन्या तेलाचा एक थेंब.

"भुजंगा, धावायचं की ओढायचं, आधी ठरव.
हिचं माप हायवेचं. दांडा कमी फिरतोय,
डिझेल वाचतंय, संकेश्वरपर्यंत झोप लागतीय.
पण जांबोटीच्या पुढं, मागं दोन टन लोखंड घेऊन,
तोंडानं श्वास घेईल बघ."
"मग?"
"मग दात बदलायचे."

नवा क्राऊन वर्तमानपत्रावर ठेवला.
बसलिंग मोजतो, ओंद, एरड, मूर,
मी मोजतो मराठीत, मनात.
त्याचे चाळीस झाले, माझे एकेचाळीस.
पहिल्या दाताला खडू लावला, पुन्हा मोजले.
एकेचाळीस. बसलिंग म्हणाला, खडू माझा होता.

लहान पिनियनवर अकरा.
एकेचाळिसाला अकरानं भाग जात नाही.
दस्तगीर मिस्त्री सांगायचे, मुद्दाम असं करतात :
चाळीस आणि दहा ठेवले
तर तोच दात त्याच चार दातांना भेटणार,
तीच खोच, तिथंच, रोज खोल.
भाग जात नाही म्हणून इथला प्रत्येक जण
तिथल्या प्रत्येकाला एकदा भेटून येतो.
चारशे एक्कावन्न भेटी,
मग पुन्हा पहिला, पहिल्याला.
मिस्त्रींची शाळा तिसरीपर्यंत.
हे त्यांना कुणी सांगितलं, विचारायचं राहून गेलं.

फुगे काढले. जाड स्प्रिंगा घातल्या,
मोकळ्या असताना कडक, ओझं आलं की माणसात येणाऱ्या.
भुजंगाचा चेहरा उतरला.
"पोरीला बटण आवडतंय रे."
म्हणून बटण ठेवलं. दिवा लागतो,
बाकी काही होत नाही.

हूक शेवटी मारला. चार बोल्ट, चेसीपर्यंत.
"जनरेटर गाड्यावर पुढं सरकव, चार बोटं.
दहातला एक वाटा हुकावर बसला पाहिजे.
सगळं मागं ठेवलंस तर
शेपूट गाडी हाकतंय."
त्यानं चार बोटं मोजून बघितली, स्वतःची, जाड.
बसलिंगनं आपली बारीक बोटं दाखवली.
मधलं काहीतरी धरलं.

रात्री साडेनवाला फोन.
"चढली!"
मागं बँड, कुणाचं तरी नाव पुकारत होते.
"पण नरसिंगा, खाली काहीतरी गुणगुणतंय.
साठच्या वर गेलं की."
"गुणगुणू दे. पाचशे किलोमीटर जाऊ दे.
अजून ओळख व्हायचीय त्यांची."
"कुणाची?"
"दातांची."

त्याला पटलं नाही. थांब, म्हणाला, ऐकवतो,
आणि वाकून, कण्हत, फोन गाडीखाली धरला.
गाडी उभी होती.
मला नुसता जनरेटर ऐकू आला,
बराच वेळ.