उजवीकडे जड

उणे चौतीस. पहाटेचे सव्वापाच.
बायानखोशूच्या उतारावर कोळशाचा धूर
अजून चाकांच्या उंचीवर झोपलेला,
आणि माझ्यासमोर काचेखाली
एक लाल चाक पेटतं. शेजारी उद्गारचिन्ह.
स्टीअरिंगचा दगड होतो.

जड म्हणत नाही मी. जड पिठाचं पोतं असतं,
त्याला खांदा दिला की ते ऐकतं.
हे ऐकत नाही.
मागे सत्तर पाव, सात नंबरच्या बालवाडीचे,
पुढे वळण, वळणावर काळा बर्फ,
आणि गाडीतली ती जपानी बाई
अतिशय अदबीनं काहीतरी सांगते आहे.
सहा वर्षं झाली, काय सांगते कळलेलं नाही.
आवाजावरून वाटतं, माफी मागते.

कोपरं फासळ्यांना टेकवून
अख्ख्या अंगानं ओढते मी ते चाक,
दावं धरून हट्टी गाय ओढावी तसं.
वळते. कशीबशी वळते.
मग कडेला थांबायचं, बटण बंद,
दहा आकडे मोजायचे, पुन्हा चालू.
दिवा गेला. स्टीअरिंग लोणी.
जसं काही झालंच नव्हतं,
जशी मघाशी किंचाळलेली बाई दुसरीच कुणी.

पुरेवजावच्या गॅरेजात ती ताकास तूर लागू देत नाही.
तो एका बोटानं चाक फिरवतो. “बघा, सरनझुलबाई.”
पहिल्यांदा सेन्सर म्हणाला, मग मोटर,
मग म्हणाला, थंडी हो, माणसंसुद्धा आखडतात.
चौथ्या खेपेला: अख्खा रॅक बदला.
आकडा सांगताना माझ्याकडे नाही,
चहाच्या कपाकडे बघत होता.
तेवढ्या तुगरिकांत दुसरी अर्धी गाडी येते.
अर्धी तर माझ्याकडे आहेच.

दोन इंजिनं म्हणे हिला.
घेताना नवऱ्यानं समजावलं होतं,
एक पेट्रोलचं, एक विजेचं, एक दमलं की दुसरं.
वळायची वेळ आली की दोघंही म्हणतात
ते आमचं काम नाही.
घरीही तसंच आहे. ते असो.

मार्चमध्ये विकायला काढली.
पुढचा खण रिकामा केला:
एक हातमोजा, टोलच्या पावत्या, विरघळून पुन्हा गोठलेल्या गोळ्या,
आणि तळाशी, प्लास्टिकच्या पाकिटाला चिकटलेली
तळहाताएवढी चिठ्ठी.
बॉलपेन. जपानी. प्रत्येक रेघ
शेवटाला जराशी थरथरलेली.

शेजारची सोलोंगो जपानी शिकते.
दारातच, बूट न काढता, बोट ठेवत ठेवत वाचलं तिनं:
“निइगाता. जानेवारी. सकाळी उजवीकडे जड.
दुकानदार म्हणतो, काही नाही.
बायको म्हणते, तुमचे हात म्हातारे झाले.
हात नाहीत. गाडीच आहे.”
बस? बस. खाली तारीख, दहा वर्षांपूर्वीची.

आधी हसले. मग शिव्या घातल्या,
विकणाऱ्याला, बोटीला, मधल्या सगळ्या समुद्राला.
म्हणजे दुखणं तिथलंच, धुऊन पुसून
आमच्या गळ्यात घातलेलं.
मग सोलोंगोला म्हटलं, शेवटची ओळ परत वाच.
तिनं वाचली.
परत वाच.

रविवारी एक पोरगा आला बघायला.
बायको पोटुशी, मागच्या सीटवर, टोपी डोळ्यांपर्यंत.
चक्कर मारून आला, एका बोटानं
वळवून दाखवली मलाच.
दिवा लागला नाही. लागणार नव्हताच.
“खोड काही?” त्यानं विचारलं,
पैशांचं पाकीट आधीच हातात.

मी खण उघडला.

गाडी अंगणातच आहे.
तो उजवीकडे वळून पायी गेला,
बायकोला धरून, बर्फावरून, सावकाश.
चिठ्ठी जिथे होती तिथेच ठेवली आहे.
खाली, आमच्या लिपीत, एवढंच वाढवलं:
डावीकडेही. उणे तिसाखाली जास्त.
हात ठीक आहेत.