पुलाच्या अलीकडे

एकोणतीस तास.
तिसावा तास दिला तर कारखान्याला विमा काढावा लागतो,
म्हणून मुकादम घड्याळाकडे बघतो
आणि वर्लीनमावशी त्याच्याकडे न बघता
एप्रन सोडते. बोटांना मागूर माशाचा वास,
पायाच्या अंगठ्याला एक जखम, ईस्टरपासून न भरलेली.

सरकारी कचेरीतल्या बाईने चांगुलपणाने समजावलं:
म्हातारी नाहीस, गरोदर नाहीस, पांगळी नाहीस,
पदरी लहान मूल नाही. कशात बसवू तुला?
मग विम्याच्या बाजारातली सवलत?
त्यासाठी (बाईने आकडा पुन्हा तपासला)
वर्षाला सातशे डॉलर कमी पडतात.
थोडी कमी गरीब हो, म्हणजे गरिबांची मदत मिळेल.
मावशी हे हसत सांगते.
दर वेळी जरा अधिक नीट सांगते,
विनोद जमला पाहिजे म्हणून.

वॉशिंग्टन दहातले नऊ द्यायला तयार.
दहावा राज्याने घालायचा.
जॅक्सनला, घुमटाखाली, एका गृहस्थांनी विचारलं,
उद्या त्यांनी हात आखडला तर?
दुसरे म्हणाले, लोकांना सवय लागेल.
कसली, ते बोलले नाहीत.
सवय तर लागलीच आहे:
दात दुखला की लवंग,
छातीत दुखलं की उद्या बघू.
गावातलं इस्पितळ बंद झाल्यापासून
त्याच्या पार्किंगमध्ये शनिवारी कलिंगडं विकतात.

माझी आई नदीपलीकडे राहते, आर्कन्सॉत.
तेच काम, तेवढाच पगार,
आणि पाकिटात एक कार्ड.
साखर दोघींना त्यांच्या आईकडून आली, सारखी वाटून.
त्या वाटणीवरून कधी भांडण झालं नाही.

रविवारी चर्च सुटलं की मी गाडी काढतो.
मागच्या सीटवर मासेमारीचा जुना थंड डबा,
वर बटाट्याचं सॅलड, खाली बर्फ,
बर्फात इन्सुलिन.
पुलाच्या मध्यावर पाटी लागते:
मिसिसिपीत आपलं स्वागत आहे.
घ्या, म्हणतो मी मनात,
नाकारलेत ते पैसे आले,
सॅलडखालून.

आई म्हणते, डॉक्टरांनी जास्तीचं लिहून दिलंय.
मी तिची वही पाहिली आहे.
दोनशे ऐंशी. तीनशे दहा.
मग पान फाडलेलं.

माय मरो, मावशी जगो,
ही म्हण ज्याने केली त्याला हा पूल माहीत नसणार.
मला दोघी हव्यात.

मावशी बाटली खिडकीशी धरून बघते,
बराच वेळ,
मग फ्रीजमध्ये ठेवते, लोण्याशेजारी,
आणि पाठमोरीच विचारते,
अर्नेस्टीनचे पाय कसे आहेत?
ठीक, म्हणतो मी,
आणि सॅलड वाढायला घेतो.