आठशे आठ

डेलमार, तुझं इंजिन मी उघडलंय.
रागावू नकोस. चार स्क्रू होते,
तीन तुझ्या बिस्किटांच्या डब्याच्या झाकणात आहेत,
चौथा घरंगळत वॉशिंग मशीनखाली गेला.
उद्या शोधीन. आज गुडघे नाही म्हणतात.

बाहेर ब्रूस्टरभर बर्फ. तळघरात हीटर घरघरतोय.
फळीवर ओळीनं तुझी निकेल प्लेटची सत्तावीस इंजिनं,
खऱ्यापेक्षा सत्त्याऐंशी पटींनी लहान,
आणि धूळ मात्र पूर्ण मापाची.
ती मी पुसली, इतकी वर्षं.
एकदाही बोलले नाही, की माझे वडील दुसऱ्या कंपनीचे.
बोलले असते तर तू मला तारखा सांगितल्या असत्यास.

कापसाच्या काडीला स्पिरिट.
टेंडरच्या कुशीवर हलक्या हातानं,
गोल गोल नाही, एकाच दिशेनं.
आधी 'रोड' गेलं, मग 'प्लेट'.
'निकेल' चिवट निघालं, तुझ्या घराण्यासारखं.
खालचा काळा जरा उजळ राहतो,
दिवा तिरका धरला की गेलेली अक्षरं वाचता येतात.
तुझ्या वहीत तू लिहून ठेवलंयस:
यावर काळ्याचा एक पातळ हात द्यावा.
तो मी दिला नाही.

आठ वर्षांची होते. शॉपमध्ये डबा घेऊन गेले,
उकडलेलं अंडं, राय ब्रेड, खारवलेली काकडी.
बाबा शिडीवर. समोर घराएवढा टेंडर,
त्यावर त्यांच्याच हातचं 'व्हीलिंग अँड लेक ईरी',
आणि ते त्याच्यावर काळा फासत होते.
कंपनी भाड्यानं गेली होती. वरून हुकूम होता.
इंजिन तेच, रूळ तेच, कोळसाही त्याच खाणीतला,
फक्त चौसष्टशे आठचं आठशे आठ करायचं.
मी म्हटलं, सहा पुसा, चाराला गाठ मारून आठ करा, झालं.
बाबा हसले नाहीत.
म्हणाले, ऑर्लो गायगर चाराचा आठ करत नाही.
सगळं घालवायचं, आणि पहिल्यापासून लिहायचं.
डबा तसाच परत आला.
अंडं वाटेत मी खाल्लं.

कँटनच्या दुकानातला पोरगा म्हणाला,
आजी, मूळ रंगातच ठेवा, नाहीतर निम्मी किंमत येईल.
तरी त्यानं अक्षरं दिली, कागदावर छापलेली,
बशीतल्या पाण्यात सोडायची, सुटली की सरकवायची.
लेकमधला 'ले' माझ्या अंगठ्याला चिकटून बसला,
दहा मिनिटं त्याची मनधरणी केली.
बाबा पट्टी लावत नसत. म्हणायचे,
दोन अक्षरांमध्ये अंतर मोजायचं नसतं,
प्रत्येक फटीत सारखीच वाळू मावली पाहिजे.
मी डोळे बारीक करून वाळू ओतत गेले.
'ईरी'पाशी थोडी सांडली.

शिडी फोटोत आहे तशी उजवीकडे घेतली,
घंटा केसभर पुढे. एवढ्यानं चेहरा बदलतो,
मला वाटलं नव्हतं.

तुझ्या नावाची सही मी त्रेपन्न वर्षं केली,
बँकेत, शाळेत, आणि त्या शेवटच्या फॉर्मवर
जिथे नर्सनं बोट ठेवून दाखवलं, इथे.
अर्डिथ हॉस्टेटलर. तक्रार नाही. अक्षर चांगलं येतं माझं.
पण तू कधी दिवा तिरका धरला असतास तर

असो. हीटर बंद पडला वाटतं.

कॅबच्या एका बाजूला चौसष्टशे आठ लावलंय.
दुसऱ्या बाजूचं आठशे आठ तसंच ठेवलंय, तुझं,
ती बाजू भिंतीकडे येते.
पाहुण्यांना कळायचं नाही, आणि पाहुणे तरी कोण येणार.

बटण फिरवलं. चाललं.
त्याच मोटारीची तीच गुणगुण,
नवं नाव घेऊन कुरकुर न करता चढ चढलं.
वळणावर तेवढं खडखडतं,
एक स्क्रू कमी आहे.